आतली नळी फिरतेय: मागच्या शॉकअपच्या गंजलेल्या बोल्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

तेरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. पहिली नऊ वर्षं मुंबईत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्या पार्किंगमध्ये उभी. नंतरची चार नाशिकला, सिडकोतल्या एका सोसायटीत. मालक अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारे. पाना, फाईल, टॅप या गोष्टी हाताखालच्या, पण गाडीखाली झोपून काम करायची सवय बेताचीच.

मागचे दोन्ही शॉकअप तेल गळत होते. गतिरोधकावरून गेल्यावर गाडीची मागची बाजू तीन-चार वेळा हलायची. नवी जोडी आणून घरीच बदलायची असं ठरलं. काम तसं सरळ आहे. वरचा नट डिकीतून काढायचा, खालचा एक बोल्ट चाकाच्या आतल्या बाजूने, की शॉकअप हातात. या गाडीत स्प्रिंग वेगळी असते, त्यामुळे ती दाबून धरायच्या साधनाची गरज नव्हती.

खालच्या बोल्टची रचना नीट समजून घ्यावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. मागच्या ॲक्सलवर ब्रॅकेटचे दोन कान असतात. त्यांच्यामध्ये शॉकअपच्या टोकाची कडी बसते. कडीत रबर बुश आणि रबराच्या पोटात लोखंडी नळी. बोल्ट एका कानातून शिरतो, नळीतून जातो आणि दुसऱ्या कानाला वेल्ड केलेल्या नटात आवळला जातो. इथे बोल्ट १२ मिमीचा, १.२५ पिचचा (म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी), १७ च्या पान्याचा होता. नळीची लांबी सुमारे ४० मिमी. म्हणजे बोल्टची ४० मिमी लांबी जेमतेम केसभर फट ठेवून एका नळीत बंद. त्या फटीत पाणी शिरतं, पण सुकायला वाव नसतो.

नाशिकच्या गाड्यांत हे दुखणं तुलनेने कमी दिसतं. शहरात पाऊस मध्यम, हवा बरेच महिने कोरडी आणि मिठाचा संबंध नाही. परदेशी व्हिडिओंत जे गंजून गेलेले बोल्ट दिसतात ते बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे. आपल्याकडे तेच काम किनाऱ्याची हवा करते. गाडीच्या पासिंगचा नंबर नाशिकचा आहे की मुंबईचा, यापेक्षा तिने पावसाळे कुठे काढले हे काम हातात घेण्याआधी विचारावं. मालकांनी ते लक्षात घेतलं नव्हतं.

अडचण

शनिवारी संध्याकाळी दोन्ही बोल्टच्या डोक्यांवर गंज सोडवणारा स्प्रे तीनदा मारून ठेवला. पहिली चूक इथेच झाली. डोक्यावर मारलेला स्प्रे डोकंच ओलं करतो. गंज धरतो तो नळीच्या आत, आणि तिथे तेल पोहोचायचं तर कान आणि नळी यांच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी मारावं लागतं. शिवाय नटाच्या पलीकडे बोल्टचं जे टोक बाहेर डोकावतं तिथेही. त्या टोकावर वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज घट्ट बसलेला होता. ते ना तारेच्या ब्रशने घासलं गेलं, ना त्यावर तेल पडलं. त्याचा हिशोब सोमवारी चुकता झाला.

रविवारी सकाळी नऊला सुरुवात. मागची बाजू उचलायची असल्यामुळे हँडब्रेकवर विसंबता येत नाही, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर, आणि उचलल्यावर आधाराला दोन घोड्या (लोखंडी स्टँड). विटा किंवा गाडीसोबत आलेला जॅक यांच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. यातलं सगळं बरोबर केलं होतं. ॲक्सलला वेगळ्या जॅकचा हलका टेकू दिला होता तोही योग्यच. शॉकअप सुटला की ॲक्सल खाली लोंबतो, ब्रेकचा होज ताणला जातो आणि स्प्रिंग जागा सोडू शकते. त्यासाठीच एका वेळी एकच बाजू खोलायची.

उजवी बाजू पस्तीस मिनिटांत झाली. डावीने धरून ठेवलं. डावी बाजू रस्त्याच्या कडेची, साचलेलं पाणी आणि चिखल तिच्या वाट्याला जास्त येतो. बहुधा तेच कारण असावं.

१७ ची सहा कोनी गोटी (सॉकेट), अर्धा इंची हँडल आणि त्यावर मीटरभर पाइप. बारा कोनी रिंग पाना घेतला नाही हे बरं झालं, गंजलेल्या डोक्याचे कोपरे त्याने लवकर गोल होतात. पाइपाला जोर दिल्यावर बोल्ट वीस-पंचवीस अंश फिरला. जोर सोडताच परत आला. पुन्हा फिरवला, पुन्हा परत. तिसऱ्या-चौथ्या झटक्याला परत येणं थांबलं आणि तो फिरायलाच लागला. एक फेरा, थोडा वर. सुटला, असं मालकांना वाटलं.

शेजारचा डिप्लोमाचा विद्यार्थी टॉर्च धरून आतल्या बाजूने बघत होता. तो म्हणाला, "काका, बोल्ट एकटा नाही फिरत. आतली नळीपण फिरतेय."

त्याचं निरीक्षण अचूक होतं. आधी परत येत होतं ते रबर पिळलं जात होतं म्हणून. मग रबर फाटलं आणि बोल्ट नळीसकट फिरू लागला. आटे नटातून सुटले होते, पण गंजाने बोल्ट आणि नळी यांचा एकच तुकडा झाला होता.

यात एक खूण आहे, ती वाचता आली तर पुढचं नुकसान टळतं. बोल्ट नीट सुटत असेल तर डोकं कानापासून दूर सरकतं आणि डोक्याखाली फट पडते. इथे डोक्याखाली फट नव्हती. फट पडली होती पलीकडे, नळी आणि नटाकडचा कान यांच्यामध्ये, सुमारे दीड मिमी. कारण उघड आहे. बोल्ट बाहेर यायला बघतो, नळी त्याच्यासोबत येते आणि डोक्याकडच्या कानाला आतून रेटते. तो कान किंचित बाहेर झुकला होता. असंच फिरवत राहिलं असतं तर एकतर कान वाकला असता, नाहीतर वेल्ड केलेल्या नटाचे आटे ओरबाडले गेले असते. कान आणि नट दोन्ही ॲक्सलचे भाग. बोल्ट तीस-चाळीस रुपयांचा, ॲक्सल हजारोंचा.

पहिला निर्णय: थांबणं

साडेअकराला हँडल खाली ठेवलं गेलं. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो सोपा नव्हता. बोल्ट हलतो आहे असं दिसत असताना हात थांबत नाही.

जोराचा हिशोब इथे मांडायला हवा. मीटरभर पाइपाच्या टोकाला २० किलोचा रेटा म्हणजे जवळपास २०० न्यूटन-मीटर पीळ. ८.८ दर्जाचा (हा बोल्टच्या ताकदीचा आकडा) १२ मिमी बोल्ट आट्यांच्या ठिकाणी पीळ सोसतो तो साधारण दीडशेच्या आसपास, जाड दांड्यावर दोनशेच्या थोडा पुढे. म्हणजे एक मध्यम बांध्याचा माणूस फार दम न लावता हे डोकं तोडू शकतो. तुटण्याआधी बोल्ट इशारा देतो. पाना फिरतो पण हाताला चिवट, मऊसर लागतो, टाफी ओढल्यासारखा. गंज सुटतो तेव्हा मात्र टक्कन आवाज येतो आणि जोर एकदम कमी लागतो. रबर पिळताना लागणारा लवचीकपणा या दोन्हींहून वेगळा, कारण तो परत येतो. तीन वेगळ्या गोष्टी आणि हाताला तीन वेगळे स्पर्श. मालकांना पहिले दोन माहीत होते, तिसरा नव्हता.

समोर असलेले पर्याय

आणखी स्प्रे मारून रात्रभर थांबणं. खर्च नाही, धोका नाही. पण ४० मिमी लांबीत गंज फुगून बसलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तर तो पाचरीसारखा आवळतो. अशा फटीत तेल दोन्ही टोकांकडून काही मिमी शिरेल, मधल्या भागापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. सोबतीला ठीक, एकट्याच्या जिवावर नाही.

तापवणं. कारखान्यातल्या ओळखीच्या फिटरला फोन केला, तर त्याचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, गॅस लावायचं डोक्यातून काढा." एरवी तापवणं हा गंजलेल्या बोल्टवरचा सर्वात खात्रीचा उपाय. नट अडीचशे अंशांनी तापला तर १२ मिमीचं भोक सुमारे ०.०३५ मिमीने मोठं होतं, आणि गंजाचा थर फोडायला तेवढं पुरतं. पण इथे अडकलेला भाग रबरात गुंडाळलेला. रबर पेटतं. शेजारी ब्रेकचा होज, हँडब्रेकची केबल, पुढे पेट्रोलची टाकी. शॉकअपमध्ये दाबाखालचं तेल आणि गॅस, तो तापवला तर फुटू शकतो. वर सकाळपासून मारलेला स्प्रे ज्वलनशील. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत लावली तर विषारी वायू तयार होतो, हे गॅरेजमध्येही अनेकांना ठाऊक नसतं. फिटरचं म्हणणं मान्य झालं.

इम्पॅक्ट गन. गॅरेजमधल्या हवेच्या गनचे ठोके गंज फोडायला पाइपापेक्षा नक्कीच चांगले, कारण पीळ सतत चढत नाही. सकाळीच, काहीही हलवण्याआधी ही गन मिळाली असती तर कदाचित काम झालं असतं. पण आता रबर फाटलं होतं. नळीला धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं, गनने नळीही सोबत फिरली असती.

कापणं. नटाकडच्या दीड मिमी फटीत हॅक्सॉ ब्लेड जातं, त्याचा काप साधारण एक मिमीचा. तिथे एक काप, दुसरीकडे बोल्टचं डोकं उडवायचं, की शॉकअप नळीसकट बाहेर. नटात उरलेला तुकडा आधीच मोकळा झालेला, तो मागून ग्रिप प्लायरने काढता येतो. पर्याय उत्तम. अडचणी दोन होत्या. नवा बोल्ट हाताशी नव्हता, आणि डोकं उडवायला ग्रायंडर लागला असता. टाकीपासून हातभर अंतरावर ठिणग्या नकोत.

नळी वेगळी धरणं. जुना शॉकअप भंगारातच जायचा आहे, मग त्याची कडी कापून काढायची. बोल्टवर नुसती नळी उरेल. ती पकडीत घट्ट धरायची आणि बोल्ट फिरवायचा. आत्तापर्यंत जोर रबरावर वाया जात होता, तो आता थेट गंजाच्या थरावर पडेल.

शेवटचा पर्याय निवडला. बोल्ट तुटलाच तर कापण्याचा मार्ग तरीही खुला राहत होता, हा त्यातला सर्वात मोठा गुण. एक मार्ग फसला की दुसरा बंद होणार नाही, अशा क्रमाने पर्याय लावले की डोकं शांत राहतं.

काय केलं

सगळ्यात आधी बोल्ट उलटा फिरवून पुन्हा आवळला, कानावरचा ताण काढायला. झुकलेला कान जागेवर आला.

मग वरचा नट डिकीतून काढून शॉकअप वरून मोकळा केला. कडीचा खालचा भाग दोन काप देऊन काढायचा होता. एका कापाने भागत नाही, कारण कडी वेल्ड केलेली आणि जाड, ती उघडत नाही. नळीचा बाहेरचा व्यास सुमारे २० मिमी, म्हणून २५ मिमी रुंद तुकडा निघेल असे काप आखले. इंचाला २४ दाते असलेलं बायमेटल ब्लेड वापरलं. साध्या कार्बन ब्लेडचे दाते अशा जागी, तिरक्या हाताने, पाच मिनिटांत झिजतात. काप कडीवरच घ्यायचे, शॉकअपच्या नळकांड्याजवळ ब्लेड न्यायचं नाही. प्रत्येक कापाला वीसेक मिनिटं. तुकडा निघाल्यावर उरलेलं रबर सुरीने कापलं आणि शॉकअप वर उचलून बाहेर काढला.

आता बोल्टवर उघडी नळी दिसत होती. दहा इंची ग्रिप प्लायरने धरली तर घसरली. गंजाच्या पापुद्र्यावर पकडीचे दात बसत नाहीत. फाईलने नळीवर समोरासमोर दोन सपाट बाजू काढल्या, दोन मिमी खोल. टूलरूमचा हात इथे कामी आला. पकड आवळून तिचं हँडल ॲक्सलला टेकवलं, म्हणजे हाताने धरायची गरज उरली नाही.

नळीच्या दोन्ही टोकांना स्प्रे, दहा मिनिटं थांबणं, नळीवर हातोडीचे हलके ठोके. आणि बोल्ट आधी आवळायच्या दिशेने. हे अनेकांना उलटं वाटतं. पण गंजाचा थर कुठल्याही दिशेने फुटला तरी फुटतोच, आणि आवळायच्या दिशेला आटे नटात अजून निवांत असतात. तिसऱ्या फेरीत टक्क आवाज झाला. त्यानंतर पाच-दहा अंश पुढे, तेवढंच मागे, मध्येमध्ये स्प्रे. फटीतून तांबूस चिखलासारखं तेल बाहेर यायला लागलं. ते येऊ लागलं की काम मार्गी लागलं असं समजावं. अर्ध्या तासात बोल्ट नळीतून स्वतंत्रपणे फिरायला लागला.

मग शेवटच्या सहा-सात फेऱ्यांत तो पुन्हा जड झाला. शनिवारी न घासलेलं टोक आता नटातून ओढलं जात होतं, चिखल आणि गंजासकट. थांबून, बोल्ट परत आत फिरवून, टोक मागून तारेच्या ब्रशने घासायला हवं होतं. सहा तास झाले होते, हात भरून आले होते, मालकांनी जोर लावला. बोल्ट बाहेर आला, पण त्याच्या आट्यांत चांदीसारखे पातळ तुकडे अडकलेले होते. ते नटाचे होते.

गाडी घोड्यांवरच राहिली.

सोमवार

नटाचे आटे टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करायचे ठरलं. संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात १२ चा टॅप मागितला तर समोर आला तो १.७५ पिचचा. तो नेहमीचा, फॅब्रिकेशनच्या कामाला लागणारा. गाडीच्या या बोल्टला १.२५ लागतो. टॅप चुकीच्या पिचचा घातला असता तर उरलेले आटेही गेले असते. पिच ओळखायची सोपी रीत: स्केल लावून दहा आट्यांची लांबी मोजायची. १२.५ मिमी आली तर १.२५, १७.५ आली तर १.७५. मालकांनी उजव्या बाजूचा जुना बोल्ट खिशात घालून नेला होता, म्हणून फरक दुकानातच कळला. बरोबर पिचचा टॅप कारखान्याच्या टूलरूममधून मागून आणला. दोन्ही बाजूंचे नवे बोल्ट द्वारका भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून, डोक्यावरचा दर्जाचा आकडा जुन्याशी पडताळून.

टॅप हाताने सरळ लागेपर्यंत पान्याने फिरवला नाही. मग तेल घालत अर्धा फेरा पुढे, पाव मागे. पहिले दोन आटे अर्धवट राहिले, बाकीचे स्वच्छ निघाले. नवा बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला, ही स्वीकारण्याची कसोटी. तो बोटांनी गेला नसता तर हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) किंवा नवा नट वेल्ड करणं, आणि ते घरी होण्यासारखं नव्हतं.

बसवताना बोल्टच्या दांड्याला आणि नळीच्या आत कॉपर अँटी-सीझ (गंजून चिकटू न देणारं ग्रीससारखं मलम) लावलं, आट्यांना नाही. मॅन्युअलमधला टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. आटे बुळबुळीत केले तर त्याच टॉर्कला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. उजव्या बाजूचा बोल्टही पुन्हा काढून तसाच बसवला.

शेवटची आवळणी चाकं जमिनीवर आल्यावर. गाडी हवेत असताना आवळलं तर नळी त्या स्थितीत पक्की होते आणि गाडी खाली आली की रबर कायम पिळलेलं राहतं. नवं बुश मग काही महिन्यांत फाटतं आणि दोष शॉकअपच्या कंपनीला जातो. चाकाखाली जागा होईना म्हणून मागची दोन्ही चाकं जाड लाकडी फळ्यांवर घेतली, हात पोहोचला.

निष्पत्ती

गाडी रविवार सकाळपासून सोमवार रात्रीपर्यंत उभी राहिली. दोन तासांच्या कामाला प्रत्यक्ष हात लागले ते साधारण अकरा तास. जास्तीचा खर्च ब्लेड, दोन बोल्ट आणि अँटी-सीझची छोटी ट्यूब एवढाच. आठवड्याने टॉर्क पुन्हा तपासला, डावा बोल्ट जागचा हलला नव्हता. पहिले दोन आटे गेलेले असल्यामुळे तो पुढच्या सर्व्हिसिंगलाही तपासायचा आहे.

काय वेगळं करता आलं असतं

शनिवारची वीस मिनिटं. टोक घासणं, सांध्यांत स्प्रे मारणं, आणि नवे बोल्ट शॉकअपसोबतच आणून ठेवणं. यातलं टोक घासणं झालं असतं तर सोमवार लागलाच नसता.

नवा बोल्ट हातात असता तर कापणं जास्त जलद झालं असतं का, यावर मतभेद होतील. ग्रायंडरची ठिणगी टाळून डोकं हॅक्सॉने कापायचं म्हटलं तर १७ चं कडक डोकं आणि अपुरी जागा, तासभर सहज. तरीही नटाचे आटे शाबूत राहिले असते, कारण चिखलाचं टोक मागच्या बाजूनेच फिरवून काढता आलं असतं, नटातून ओढावं लागलं नसतं. या एका मुद्द्यावर कापण्याचं पारडं जड आहे.

नळी फिरते आहे हे एका झटक्यात कळायला खडूची एक रेघ पुरली असती. बोल्टचं डोकं, कान आणि शॉकअपची कडी यांवरून सरळ रेघ मारायची, आणि दुसरी रेघ पलीकडच्या बाजूला नळीच्या दिसणाऱ्या कडेवर. जोर दिल्यावर डोक्यासोबत नळीची रेघही सरकली तर पाइप खाली ठेवायचा. रविवारी ही रेघ नव्हती. टॉर्च धरलेला मुलगा होता.